अळणी पापडांचं वर्ष

मराठी पुरुषाच्या इतिहासात तीन मोठे टप्पे मानावे लागतील. त्याने घोड्यावर मांड ठोकली तो पहिला, सायकल विकून मोटरसायकल घेतली तो दुसरा, आणि आपली नाजूक तक्रार तोंड उघडून दुसऱ्या माणसाला सांगितली तो तिसरा. हा तिसरा टप्पा सातपूरला, आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात, सलाईनच्या रिकाम्या खोक्यांमागे पार पडला. खोकी हलवायची राहून गेली होती. त्यामुळे इतिहास घडत असताना तक्रार सांगणाऱ्याचा एक पाय खोक्यात असे.

दुकान उज्वलाताईंचं. वय चाळीसच्या आसपास, फार्मसी शिकलेल्या, आणि चेहऱ्यावर कायम एकच भाव. बँकेत पासबुक भरून देणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो तसा. तुम्ही खोकल्याचं औषध मागा नाहीतर उंदराचं, भाव बदलत नाही.

आधी काय व्हायचं, की पाळी सुटली की कारखान्यांतले लोक दुकानात यायचे आणि नुसते उभे राहायचे. गर्दी ओसरण्याची वाट बघत ग्राइप वॉटरच्या बाटलीवरचा मजकूर वाचायचे. गर्दी ओसरली की नेमकी कोणाची तरी वहिनी यायची. मग गडी घाईघाईने जे हाताला लागेल ते मागून निघून जायचा. एका सद्गृहस्थांनी एका पावसाळ्यात अकरा क्रेप बँडेज नेली. एवढ्यात अख्खा माणूस गुंडाळता आला असता. तिथून हे लोक हमरस्त्याकडेच्या जडीबुटीच्या तंबूत जायचे आणि कसली तरी काळी पावडर घ्यायचे. त्या पावडरीने एकाला तीन दिवस दवाखान्यात झोपवलं. घरी त्याने दोष भेळेला दिला.

हे ऐकल्यावर उज्वलाताईंनी दुकानाच्या मागे पडदा लावला, एक स्टूल ठेवलं, आणि बाहेर फ्लेक्स लावला: 'पुरुषांच्या नाजूक समस्यांसाठी संपूर्ण गोपनीय सल्ला'. फ्लेक्सवाल्याने आपल्या मनाने त्यात डोकं धरून बसलेला एक मिशीवाला माणूस टाकला आणि दुकानाच्या दिशेने लाल बाण काढला. हा गोपनीय सल्ला बसस्टॉपवरून वाचता येत होता. महिनाभर त्या बाणाखालून एकही पुरुष आत गेला नाही. साधी तापाची गोळी हवी असलेले लोकसुद्धा समोरच्या फुटपाथने चालायला लागले. एक जण मात्र आला. तो महापालिकेतून फ्लेक्सची परवानगी बघायला आला होता.

उज्वलाताईंनी फ्लेक्स उतरवला. त्याचं दुकानाच्या गळक्या पत्र्यावर झाकण झालं. त्या जागी त्यांनी हाताने लिहिलेला पुठ्ठा टांगला: 'बीपी तपासणी मोफत. आत या.' आणि एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करणारा नाथा मलम घ्यायला आला तेव्हा त्याला सहज म्हणाल्या की बीपी बघायला आत आलेला माणूस आत जे बोलतो ते आतच राहतं, दुसरी काही तक्रार असली तरी. नाथाच्या पोटात काही राहत नाही ही त्याची कीर्ती त्यांना माहीत होती. नाथाने ही गोष्ट अत्यंत गुप्तपणे तीन दिवसांत तिन्ही पाळ्यांना सांगितली.

पद्धत सोपी होती. काउंटरवर यायचं, 'बीपी बघायचंय' म्हणायचं, आत जायचं. खरोखरचे बीपीवालेही येत, त्यामुळे कोण कशासाठी गेलं हे बाहेरच्या वहिनींना कळायला मार्ग नव्हता. आत आवाज बाहेर जाऊ नये म्हणून टेबलफॅन पूर्ण जोरात. उज्वलाताई आधी दंडाला पट्टा गुंडाळून बीपी मोजायच्याच. पुठ्ठ्यावर बीपी लिहिलंय तर बीपी मोजलंच गेलं पाहिजे, आपल्या दुकानाच्या नावावर खोटं चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आकडा चिठ्ठीवर लिहायच्या, शिक्का मारायच्या, आणि मग म्हणायच्या, "बोला." माणूस बोलायचा. त्या ऐकून घ्यायच्या, नीट समजावून सांगायच्या आणि शहरातल्या एका डॉक्टरांचा पत्ता द्यायच्या. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळी मात्र द्यायच्या नाहीत, मग समोरचा कितीही रडवेला होवो.

गोपनीयता अशी पक्की झाली. घोटाळा झाला तो त्या शिक्क्याच्या चिठ्ठीने. चिठ्ठी माणसाबरोबर घरी जायची, घरी बायको असायची, आणि आमच्या कॉलनीत सगळ्या बायकांना वाचता येतं.

आता सहादू देवरे. मूळचे नामपूरचे. तीस वर्षांपूर्वी सातपूरला आले आणि एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या क्वालिटी खात्यात लागले, ते आजतागायत तिथेच. वय चोपन्न. मायक्रोमीटर हातात धरला की केसाची जाडी सांगणार. पण त्यांचं खरं कौशल्य निराळं होतं. ऑडिट तोंडावर आलं की लक्षात यायचं, माल केव्हाच रवाना झाला आणि तपासणीचे कागद कोरेच. मग ते कागद सहादूभाऊंच्या टेबलावर यायचे, आणि भाऊ एका बैठकीत दोनशे रीडिंग भरून काढायचे. त्यांच्या मते ही कला होती. सगळीकडे पंचवीस लिहिलं तर पोरगंही पकडेल. चोवीस पूर्णांक अठ्ठ्याण्णव लिहावं, मग पंचवीस पूर्णांक एक, मध्येच एखादं जरा वाईट. खोटा आकडा असा पाहिजे की खऱ्याला लाज वाटावी. ऑडिटर यायचा, कागद चाळायचा, मान डोलवून चहा प्यायचा.

या सहादूभाऊंनी एके दिवशी आपलं अंथरूण आतल्या खोलीतून हॉलमधल्या दिवाणावर आणलं. कारण सांगितलं पंख्याचं. पंखा आवाज करतो, झोप लागत नाही. शकुबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, नवा पंखा बसवून घेतला. तेव्हा भाऊ म्हणाले, याचा अजिबात आवाज येत नाही, त्याने झोप लागत नाही.

गोष्ट पंख्याची नव्हती हे आपल्याला कळलं, तसं शकुबाईंनाही कळलं होतं. पण मग कशाची, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यामुळे त्यांनी आपलं आपण उत्तर काढलं. उत्तर असं होतं की आपण आता नकोशा झालो. त्यांनी ते कोणाला बोलून दाखवलं नाही. फक्त शनिवारी बाजारात गजरेवालीपाशी थांबायच्या, ते थांबणं बंद केलं.

इकडे सहादूभाऊ एका दुपारी धीर करून काउंटरवर गेले आणि बीपी बघायचंय म्हणाले. स्टुलावर बसले, एक पाय खोक्यात गेला, दंडाला पट्टा लागला. उज्वलाताईंनी आकडा पाहिला, पुन्हा एकदा मोजला, चिठ्ठीवर लिहिला. "बोला, देवरे भाऊ."

भाऊंनी टेबलफॅनकडे बघत सुरुवात केली. "समजा, एक मशीन आहे. तीस वर्षं तक्रार नाही. आता चालू होतं, पण लोड घेत नाही."

"मशीन तुमचं का कंपनीचं?"

"आपलंच."

"किती दिवस?"

"सहा महिने."

उज्वलाताईंच्या चेहऱ्यावरचं पासबुक हललं नाही. त्या म्हणाल्या की यात लाजण्यासारखं काही नाही, या स्टुलावर बसलेल्या दर दुसऱ्या माणसाची हीच तक्रार असते. पण पुष्कळदा हा दोष मुळात दुसरीकडे असतो. रक्तदाब, साखर, तंबाखू. तुमचा दाब फार आहे. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, साखर तपासा, मीठ कमी करा. तोवर तसली गोळी माझ्याकडून मिळणार नाही आणि तंबूतून घ्यायची नाही, या दाबात ती अंगावर येईल.

सहादूभाऊ मन लावून ऐकत होते. बाई तयारीची आहे, त्यांच्या मनात आलं. नुसती खोटी चिठ्ठी देऊन थांबत नाही, बाहेर कोणी विचारलं तर पाठ केलेलं सगळं बोलता यावं म्हणून आजारसुद्धा नीट शिकवून पाठवते. त्यांनी समजल्याची खूण म्हणून एक डोळा किंचित मिटला. उज्वलाताईंनी डोळ्यांचे ड्रॉप्स हवेत का विचारलं.

रस्त्यात भाऊंनी चिठ्ठी उघडली. १६८/१०२. ते तिथेच थांबले. एकशे साठ बाय शंभर लिहिलं असतं तर कोणीही ओळखलं असतं. अडुसष्ट. आणि खाली शंभर नाही, एकशे दोन. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला मनोमन नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी कॅंटीनमध्ये नाथाने आपली चिठ्ठी दाखवली. त्याचं १४२/९४ होतं. भाऊ म्हणाले, हेही बरं आहे, पण माझ्यात हात जास्त फिरलाय. नाथाला तोवर ते आकडे खोटे आहेत हे माहीतच नव्हतं. भाऊंनी सांगितल्यावर त्यालाही पटलं, आणि त्याने हीसुद्धा गोष्ट अत्यंत गुप्तपणे तिन्ही पाळ्यांना सांगितली.

शकुबाईंनी चिठ्ठी वाचली आणि खाली बसल्या. त्या संध्याकाळपासून देवरेंच्या घरातून मीठ गेलं. लोणचं शेजारी गेलं, ठेचा बंद, रविवारची मिसळ बंद. शकुबाईंचा नियम होता की एका घरात दोन भाज्या करायच्या नाहीत. त्याला आता दुसरा जोडला गेला: नवऱ्याने अळणी खायचं आणि आपण मीठ घालून, हे घशाखाली उतरणार नाही. त्या स्वतःही अळणी जेवू लागल्या. भाऊंना हे फार लागलं. पण खरं सांगायचं तर पंख्यापासून सुरू करावं लागलं असतं.

हे एकाच घरात झालं असं नाही. चिठ्ठ्या घरोघर पोचल्या होत्या. माझ्याही घरी पोचली होती, १३४/८६, बाकी विचारू नये. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं सुरू झाली तेव्हा कॉलनीतल्या लताबाईंनी ठराव मांडला की यंदा पुरुषांच्या प्रकृतीकडे पाहून पापडात मीठ आणि पापडखार घालायचा नाही. एकमताने पास झाला. गच्चीभर पापड वाळत पडले, दिसायला देखणे, गोल, पातळ. चवीला फ्लेक्स.

पुरुषांनी मग पुरुषांसारखा मार्ग काढला. म्हणजे चोरून. नाथाने स्टोअरच्या मागच्या फळीवर मिठाचा पुडा ठेवला आणि त्यावर 'वॉशर' असं लेबल लावलं. डबे उघडले की सगळा विभाग वॉशर आणायला जायचा. सहादूभाऊंकडे घरात जुन्या मायक्रोमीटरची लाकडी पेटी होती, आत हिरवी मखमल. मायक्रोमीटर त्यांनी काढून ठेवला आणि पेटीत मीठ भरलं. पेटी कपाटावर. मापाचं नाजूक साधन असल्यामुळे तिला घरात कोणी हात लावत नसे. जेवता जेवता भाऊ उठायचे, काहीतरी मोजायचं राहिलं म्हणायचे, आणि पाठमोरे उभे राहून भाजीवर चिमूट टाकायचे. आधी होतं त्याच्या दुप्पट, कारण मधल्या घासांची भरपाई.

असा दीडेक महिना गेला. मग एका गुरुवारी भाऊ कामावरून आले तर हॉलमध्ये भरलेली बॅग. शकुबाई म्हणाल्या की त्या रविवारच्या गाडीने नामपूरला चालल्या आहेत. किती दिवस विचारलं तर म्हणाल्या, बघू. घरात माझा त्रास नको, डोक्याला शांतता मिळाली तर तुमचं बीपी उतरेल. त्यांचा आवाज अगदी साधा होता. भाऊंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आठ महिन्यांत पहिल्यांदाच, आणि त्यांच्या लक्षात आलं की ही बीपीसाठी जात नाहीये. ही गेली तर लवकर येणार नाही.

शुक्रवारी दुपारी ते अर्धी रजा टाकून दुकानात पोचले. आत बसले, पट्टा लागला. १७४/१०६. उज्वलाताई लिहायला लागल्या तशी भाऊंनी मोकळेपणाने दाद दिली.

"लय भारी, ताई. मागच्यापेक्षा सहा वाढवलेत. एकदम नैसर्गिक. आमच्या खात्यात तुम्हाला हेड केलं असतं. पण आता आकडा राहू द्या. मला रविवारच्या आत गोळी पाहिजे."

उज्वलाताईंनी पेन खाली ठेवलं. पासबुकाचा भाव त्या दिवशी पहिल्यांदा किंचित हलला असं भाऊ नंतर सांगत.

"मी वाढवले?"

"म्हणजे घरी पटावं म्हणून."

"डॉक्टरकडे गेलात?"

"ते पण घरी सांगायला होतं ना?"

उज्वलाताईंनी चिठ्ठी बाजूला सरकवली. टेबलफॅन फिरत होता. ओरडून काही उपयोग नाही, हा माणूस कागदावर विश्वास ठेवणार नाही, कारण आयुष्यभर कागद यानेच भरले, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी मशीन उचललं आणि भाऊंच्या मांडीवर ठेवलं.

"तुम्ही क्वालिटीचे ना? मग तपासा."

"काय?"

"मशीन. माझ्यापासून सुरू करा." त्यांनी आपला दंड पुढे केला.

सहादूभाऊंच्या हातात साधन आलं आणि त्यांच्यातला नवरा मागे सरून इन्स्पेक्टर पुढे आला. त्यांनी पट्टा उलटसुलट पाहिला, नळी चेपून बघितली, ताईंना लावला, बटण दाबलं. ११८/७६. पुन्हा. ११७/७६. तिसऱ्यांदा. ११८/७५. "फरक एकचा," ते पुटपुटले, "रिपीट होतंय." मग त्यांनी स्वतःच्या दंडाला लावला. हात टेबलावर सपाट, पाय खोक्यातून बाहेर, पाच मिनिटं गप्प बसून. कोणी चिठ्ठी लिहीत नव्हतं. कोणाला काही दाखवायचं नव्हतं.

१७२/१०५.

१७३/१०५.

१७२/१०४.

साधन चोख होतं. माल रिजेक्ट होता.

भाऊंनी पट्टा काढला, नीट गुंडाळला आणि टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "नाथाचं एकशे बेचाळीस पण?"

"दुसऱ्याचा आकडा मी सांगत नाही," उज्वलाताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण सगळ्यांना परत पाठवा. आणि भाऊ, दाब ताब्यात आला की तुमची ती दुसरी तक्रारही पुष्कळदा कमी होते. नाही झाली तर त्यालाही इलाज आहे. डॉक्टर सांगतील. उद्या सकाळी साडेदहा. मी फोन करते."

"घरी काय सांगू?"

"खरं सांगून बघा. त्याला चिठ्ठी लागत नाही."

भाऊ घरी आले तेव्हा शकुबाई ताटं घेत होत्या. बॅग हॉलमध्येच होती, तिला टेकून दिवाणावरची उशी. भाऊ पाटावर बसले नाहीत. उभ्यानेच बोलायला लागले, आणि मशीनपासून सुरुवात करता करता थांबले.

"शकू, पंख्याचं काही नव्हतं."

"ते मला ठाऊक आहे."

"मला... जमत नाही आता. आठ महिने झाले. तुला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली, म्हणून बाहेर आलो."

शकुबाईंच्या हातात भाकरी होती. ती त्यांनी हळूच परातीत ठेवली. तीस वर्षं शहरात राहून त्यांची बोली बरीचशी पुसट झाली होती, पण काही गोष्टी आतून आल्या की नामपूरच्या बोलीतूनच येत.

"हाई कारण शे?" त्या म्हणाल्या. "हाई?"

भाऊंनी मान हलवली. मग बाकीचंही सांगितलं. पडद्यामागचं स्टूल, चिठ्ठी, खोटं म्हणून आणलेलं बीपी, आज तीनदा स्वतः मोजून ते खरं निघालेलं. शकुबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे माझ्यात काही नव्हतं."

"तुझ्यात काय असणार?"

"आठ महिने मला..." त्यांनी पदराने नाक पुसलं आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. जरा वेळाने उठल्या. दिवाणावरची उशी उचलली, आतल्या खोलीत नेऊन टाकली, येताना बॅग पायाने भिंतीकडे सरकवली. "उद्या डॉक्टरकडे मी पण येणार. आत नाही येत, बाहेर बसेन."

दोघं जेवायला बसले. वांग्याची भाजी, भाकरी, वरण, आणि बाजूला त्या वर्षीचा पापड. सगळं अळणी. सहादूभाऊंनी पहिला घास घेतला आणि प्रामाणिकपणे गिळला. उठले नाहीत, काही मोजायला गेले नाहीत. शकुबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांचे डोळे अजून ओले होते आणि ओठांवर काहीतरी येऊन थांबलं होतं. तीस वर्षांच्या संसारात आपल्याला जे ऐकायला मिळालं नाही ते आता मिळणार, असं भाऊंना वाटलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"अहो," शकुबाई म्हणाल्या, "कपाटावरची ती मापाची पेटी काढा जरा खाली. तुम्हाला नाही, मला चिमूटभर द्या. मला कुठं बीपी आहे?"